दोन्ही मुंढे एकाच बाजूला

चटणी

दवाखान्यातल्या पाचव्या की सहाव्या दिवशी मी नवऱ्याशी कडाडून भांडले. कारण शेंगदाण्याची चटणी.

माझं माहेर नगरचं, भिंगारमधलं. भाऊ अजून तिथेच राहतो, म्हणून मला कोपरगावहून नगरच्या दवाखान्यात आणलं होतं आणि डबा भावाच्या घरून यायचा. आमचे हे साखर कारखान्यातले फिटर, आता निवृत्त. स्वयंपाकातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण पस्तीस वर्षं समोर आलेलं ताट बघून वाढप मात्र पाठ झालेलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. दवाखान्याच्या स्टीलच्या ताटातही ते अगदी तसंच वाढायचे.

त्या दिवशी मी जेवण ढकलून दिलं. म्हटलं, रोज चटणी मागतेय, तुम्हाला एवढंसुद्धा जमत नाही. सगळं आळणी. भाकरी तर अर्धीच देता, मी काय लहान मूल आहे का?

त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन बोटांनी ताटाची कड धरली आणि ताट अर्धं फिरवलं. माझ्यासमोर चटणी आली. लिंबू आलं, काकडीची कोशिंबीर आली, राहिलेली अर्धी भाकरी आली.

"आत्ता ठेवलीत होय," मी म्हटलं.

"व्हय," हे म्हणाले. "आत्ता ठेवली."

मी तावातावाने जेवले. हे हात धुऊन येतो म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत. जिन्याजवळ उभे राहून रडत होते, असं भावाने मला फार नंतर सांगितलं.

हे लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथे एखाद्या माणसाला आपल्याला काय दिसत नाही हेच दिसत नाही. तशी मी होते. अजूनही थोडी आहे.

त्या सकाळी

आदल्याच आठवड्यात मुलीचा, वैशूचा, पुण्याहून फोन आला होता. चौथा महिना संपला, आता सगळ्यांना सांगायला हरकत नाही म्हणाली. म्हणून मी लोकरीची पेटी उघडून बसले होते. कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली लोकर काढून उन्हात पसरायची आणि बाळासाठी रंग निवडायचा, एवढाच बेत. पांढरा आणि लिंबाचा पिवळा मनात ठरलेलाही होता.

पिवळा गुंडा हातातून सुटून घरंगळला. मी उचलला, पुन्हा सुटला. हसले मी. तिसऱ्यांदा डावा हात पुढे गेलाच नाही. ह्यांना हाक मारली तर शब्द तोंडात घोळला. हे आले, माझं तोंड एका अंगाला ओढलेलं बघितलं आणि कारखान्यात मशीन अडकल्यावर जसे वागत तसे वागले. आरडाओरडा नाही, प्रश्न नाहीत. शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि मला उचलून आत बसवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वाचणाऱ्यांनी आजारातलं बाकी काही नाही लक्षात ठेवलं तरी चालेल, पण तोंड वाकडं दिसलं की "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणू नका.

मला त्या वेळी भीती वाटली का? खरं सांगते, गाडीत मला फक्त उन्हात राहिलेल्या लोकरीची काळजी होती.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली होती. डावा हात आणि पाय लुळे पडले. पाय लवकर सावरला, हात हळूहळू. पण चटणीच्या प्रकरणानंतर डॉक्टरांनी मला एका कागदावरच्या सगळ्या रेघा खोडायला सांगितल्या. मी खोडल्या आणि कागद परत दिला. त्यांनी तो ह्यांना दाखवला. अर्ध्या रेघा तशाच होत्या. डॉक्टरांनी समजावलं, डोळे चांगले आहेत, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. मला ते काही पटलं नाही. मला तर सगळंच दिसत होतं.

गल्ली

दवाखान्यात वेळ जात नाही. सकाळी सहाला तापमान, आठला गोळ्या, दहाला व्यायामाच्या मॅडम, त्यानंतर छताचा पंखा. भाऊ दुपारी यायचा आणि आम्ही भिंगारच्या जुन्या गोष्टी काढून बसायचो. मला तेवढाच विरंगुळा होता. माझं मन त्या दिवसांत सारखं तिकडेच पळायचं.

वडील लष्कराच्या डेपोत कारकून होते. आमच्या गल्लीच्या टोकाला, मोठ्या चिंचेपलीकडे, लष्करातल्या लोकांची घरं होती. तिथे एक भाभी राहायच्या. पहाडातल्या, सुभेदाराची बायको. नगरची थंडी त्यांच्या दृष्टीने थंडीच नव्हती, तरी त्या बारा महिने विणायच्या. चालता चालता, बोलता बोलता, दुधाकडे लक्ष ठेवता ठेवता. चौदा वर्षांची मी रोज शाळा सुटली की त्यांच्या पायरीवर. त्या हिंदीत सांगायच्या, मी मराठीत ऐकायचे, आणि सुया दोघींच्याही सारख्याच चालायच्या.

सुलट-उलट तर कुणीही शिकवतं. भाभींनी मला स्वेटरला अंग द्यायला शिकवलं. मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे बसते तिथे, आधी एकदम चार टाके बंद करायचे, मग एक सुई, म्हणजे एक ओळ, सोडून एक टाका कमी करायचा, म्हणजे खाच न पडता गोलाई येते. बाही मनगटापासून वर विणायची आणि सहा-सहा सुयांनी दोन्ही काठांना वाढवत न्यायची. त्यांचा एक नियम कडक होता. पुढून उघडणारा स्वेटर असेल तर पुढचे दोन्ही भाग एकाच सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणायचे. मग एक दुसऱ्याला विसरत नाही. मला त्याचा भारी कंटाळा. दोन गुंड्यांचे धागे एकमेकांत अडकायचे. मी चोरून एकेक भाग वेगळा विणायचे आणि त्यांना कळायचंच.

त्या दुपारी भाऊ म्हणाला, "ताई, घरापासून भाभींच्या घरापर्यंत काय काय होतं सांग. बघू किती आठवतंय."

मी डोळे मिटून चालायला लागले. सायकलचं दुकान. बेकरी. लोहाराचं घर. सोडावॉटरची गाडी. मग चिंच आणि भाभी.

"आणि गिरणी?" भाऊ म्हणाला. "शिंप्याचं दुकान? पाण्याची टाकी? ज्याच्या पोराला तू ढकललं होतंस तो शिंपी?"

पिठाची गिरणी मी विसरले होते. जिथे आठवड्याला दळण घेऊन जायचे, जिच्या पिठाने माझी वेणी पांढरी व्हायची, ती गिरणी. मी हबकले. भावाने हसून सोडून दिलं, पण मी सोडलं नाही. तो गेल्यावर पुन्हा डोळे मिटले आणि या वेळी भाभींच्या पायरीवरून उठून घरी निघाले. पाण्याची टाकी आली. शिंपी आला, त्याचा तो आगाऊ पोरगाही आला. गिरणी आली, पट्ट्याचा आवाजसुद्धा आला. घराच्या दारात पोहोचले आणि लक्षात आलं की या खेपेला बेकरी लागलीच नव्हती.

जाताना एक बाजू, येताना दुसरी. माझ्या आठवणीतल्या गल्लीलाही डावी बाजू उरली नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. पण कुणाला सांगितलं नाही. हात गेला तर लोक हळहळतात, डोकं गेलं म्हटलं की गप्प होतात.

पास

घरी आले तेव्हा श्रावण लागला होता. आमचं घर कारखान्याच्या जुन्या वसाहतीपासून जवळच. त्या वसाहतीत मी वीस वर्षं बायकांना विणकाम शिकवलं. दुपारचा भोंगा झाला, पुरुष कामावर गेले की आठ-दहा जणी पायऱ्यांवर जमायच्या. हंगाम सुरू झाल्याचा मळीचा वास, मांडीवर लोकर, तोंडाला उसंत नाही. मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध. टाका सुटला तर सगळं उसवायला लावायचे. आणि पुढच्या भागांच्या बाबतीत भाभींच्या उलट शिकवायचे, उजवा-डावा डोक्यात ठेवता आला पाहिजे, एका सुईवर काय विणताय बालवाडीसारखं. एखादीने दोन्ही भाग एकाच बाजूचे विणून आणले की मी ते सगळ्यांसमोर हवेत धरायचे. आज आठवलं की लाज वाटते.

भाद्रपदापर्यंत मी दवाखान्याच्या सगळ्या परीक्षांत पास झाले. रेघांचा कागद दिला की मी तो हळूच फिरवायचे. घड्याळ काढायला सांगायचे, त्यातला कोणता आकडा कुठे येतो ते पाठ केलं होतं. पाहुणे येणार असतील तर डावं अंग भिंतीला लावून बसायचे, म्हणजे प्रत्येकाला उजवीकडेच बसावं लागायचं. पदर डाव्या खांद्यावरून घसरलेला मला कळायचा नाही, म्हणून दोन पिना लावायचे. लोक म्हणायचे, बाई, तुम्ही तर ठणठणीत. हे जेवताना मधेच ताट फिरवायचे, बस.

मला ठणठणीत व्हायचंच होतं, कारण वैशूचं पहिलं बाळंतपण. आमच्याकडे ते माहेरीच होतं. संगमनेरहून विहीणबाईंचा फोन आला, तुम्ही आता आराम करा, बाळंतपण आमच्याकडं करू. गोड बोलल्या, आणि तेच झोंबलं. मी सांगितलं, पहिलं आहे, इथेच होईल.

गणपतीत वैशू चार दिवस आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजव्या शेगडीवर चहा ठेवला होता आणि डाव्या शेगडीवरचं दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं, तरी मी चहाच ढवळत होते. वैशूने येऊन गॅस बंद केला. दुपारी अंगणात वडिलांशी बोलत होती, मी खिडकीशी होते.

"बाबा, मी आंघोळीला गेले तर तेवढा वेळ तरी बाळ आईजवळ ठेवता येईल का?"

ह्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकायला मी थांबले नाही. आतल्या खोलीत जाऊन कॉटवर बसले. सगळ्या वसाहतीची पोरं ज्या हातांनी खेळवली, त्या हातांत माझं नातवंड द्यायचं की नाही यावर अंगणात खल चालला होता. मला मुलीचा राग आला. त्याहून जास्त, ती खोटं बोलत नव्हती याचा आला.

वाइस

मग मी ठरवलं, स्वेटर विणायचा. साधं टोपरं नव्हे. पुढून उघडणारा, बटणांचा, मुंढा, गळा, बाही सगळं असलेला. तो विणला की कुणाचं तोंड उघडणार नाही. फोटो विहीणबाईंनाही पाठवायचा होता.

डावा हात सुई धरून ठेवू शकत नव्हता. ह्यांनी एक लहान वाइस आणला, लोखंडी जबड्यांचा, फिटर लोक तुकडा घट्ट धरायला वापरतात तसा. जबड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे सुईला ओरखडा नको. तो टेबलाच्या कडेला बसवून त्यात डावी सुई आवळली. उजव्या हाताने मी विणायचे, ओळ संपली की हे सुई काढून फिरवून पुन्हा आवळून द्यायचे. पहिल्या दिवशी सहा टाके झाले. व्यायामाच्या मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या खूश, डाव्या बोटांनी नुसता धागा धरायचा प्रयत्न करा म्हणाल्या. दसऱ्यापर्यंत बोटं धागा धरू लागली, पुढे सुईसुद्धा. वाइसची गरज संपली तरी मी तो टेबलावरून काढू दिला नाही.

मला वाटतं माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात शांत दिवस होते. सुई पुढे जायची आणि मी मागे जायचे. भाभींच्या घरचा तुरटसर चहा आठवायचा. लग्नानंतर ह्यांना विणलेला पहिला स्वेटर आठवायचा. नवखेपणाच्या घाईत एक बाही चार बोटं लांब झाली होती. हे ती दुमडून सात-आठ हिवाळे रात्रपाळीला घालत राहिले, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, माझाच एक हात लांब हाय.

कॉटवर

दिवाळीच्या आधी पाठ पूर्ण झाली आणि पुढचे दोन्ही भाग मुंढ्याच्या वरपर्यंत आले. मी मोठ्या दिमाखात ह्यांना हाक मारली. म्हटलं, मांडून बघा.

ह्यांनी कॉटवर पाठ पसरली. तिच्यावर एक भाग ठेवला, मुंढ्याला मुंढा जुळला. दुसरा ठेवला. तो जुळेना. ह्यांनी तो उचलला, पुन्हा ठेवला. वर-खाली करून बघितला. मग म्हणाले, "अगं, ह्या दोन्हींचा मुंढा एकाच बाजूला हाय."

मी म्हटलं, तुम्हाला ठेवता येत नाही, पालथा घाला. ह्यांनी पालथा घातला. मुंढा जुळला, पण उलट्या टाक्यांच्या गाठी वर आल्या. एक भाग गुळगुळीत, एक खरखरीत. मी दोन्ही तुकडे हातात घेतले. उजव्या कडेला गोलाई, उजव्या कडेला गोलाई. डाव्या कडा सरळ, दोन रूळ असावेत तशा.

वसाहतीतल्या बायकांच्या हातून हे व्हायचं ते विसरून. त्या म्हणायच्या, अय्या, डाव्या बाजूचं राहिलंच. माझं तसं नव्हतं. दुसरा भाग विणताना मी एकेक टाका मोजला होता, मनात नकाशा स्पष्ट होता, कुठेही शंका आली नव्हती. टाका विसरला तर नंतर आठवतो. इथे विसरण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. जगात दुसरी कड असते हेच तो भाग विणतानाच्या आठ दिवसांत माझ्या मनाला शिवलं नव्हतं. आणि अशा मनाने मी बाळ मांडीवर घेणार होते.

मी रडले. दवाखान्यातही रडले नव्हते तेवढी रडले. हे म्हणाले, तसंच शिवून टाकू, लेकराला काय कळतंय. म्हटलं, लेकराला नाही, मला कळतंय.

हे शेजारी येऊन बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "चटणी रोजच ठेवत हुतो मी. पहिल्या दिवसापास्नं."

"माहीत आहे," मी म्हटलं. खरं तर मला तेव्हाच, त्या क्षणी, माहीत झालं.

"ताट फिरवलं की तुला सगळं दिसायचं. जेवायचीस बी. एवढंच हाय बघ. फिरवायचं."

दोन गुंडे

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैशूला फोन केला. आधी हवापाणी, पाय सुजलेत का, लोह घेतेस का, सगळं विचारलं. मग सांगून टाकलं.

"वैशू, माझी डावी बाजू अजून आलेली नाही. मी सगळ्यांना फसवत होते. तू अंगणात बाबांना विचारलंस ते मी ऐकलं होतं. तुझं बरोबर होतं. बाळंतपण सासरीच कर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. नंतर बोलते म्हणून तिने फोन ठेवला. दोन दिवसांनी तिचाच फोन, की मला तुझ्याकडेच यायचंय, सासूबाईंशी मी बोलले आहे. पण एक अट. मी म्हणेपर्यंत बाळाजवळ तू एकटी नाही. अट मला मान्य होती. मनाला लागलीही होती.

पुढचे दोन्ही भाग मी मुळापासून उसवले. लोकर कुरळी होऊन आली, ती लडी करून कोमट पाण्यात बुचकळली, दोरीवर वाळवली. आणि मग चव्वेचाळीस वर्षांनी भाभींचं ऐकलं. एकाच सुईवर दोन्ही भागांचे टाके घातले, दोन वेगळ्या गुंड्यांनी. मुंढ्यापाशी आले. ओळीच्या सुरुवातीला एका भागाचे चार टाके बंद केले, त्याचं विणून दुसऱ्याचं विणलं, सुई वळवली. वळवली तशी मघाची डावी कड उजवीकडे आली. तिथे दुसऱ्या भागाचा मुंढा माझी वाट बघत होता. पुन्हा चार टाके बंद.

विणणारी बाई प्रत्येक ओळीला हेच करते. सुई वळवते आणि दुरची कड जवळ आणते. चव्वेचाळीस वर्षं मी हे करत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ताट स्वतः फिरवायला लागले. वर्तमानपत्र फिरवायला लागले. खोलीत शिरले की एकदा गोल फिरून बघायला लागले. नातेवाईक हसायचे, हसू देत. बरं होण्याची वाट बघत बसण्यापेक्षा हे मला जमण्यासारखं होतं. गुंडे मात्र रोज एकमेकांत अडकायचे आणि मी रोज भाभींच्या नावाने बोटं मोडायचे.

बाह्याही दोन्ही एकदमच विणल्या. मग स्वेटर अंथरला, ओलं फडकं टाकून इस्त्रीची नुसती वाफ दिली, टाके बसले. खांदे आधी जोडले, मग बाह्या मुंढ्यात बसवल्या, शेवटी बगलेपासून खाली. शिवण सुलट बाजूनेच घ्यायची असते, इकडच्या काठाची एक आडवी गाठ, तिकडच्या काठाची एक. धागा हळूच ओढला की दोन्ही काठ मिटतात आणि शिवण दिसेनाशी होते. एवढं साधं काम, पण त्यात प्रत्येक टाक्याला दुसऱ्या काठाकडे जावंच लागतं. मला चार दिवस लागले. ह्यांनी बटणं आणली, पिवळी, बदकाची. मला आवडली नाहीत, पण लावली.

बाविसावा दिवस

मार्गशीर्षात वैशूला मुलगी झाली. इथेच, कोपरगावला. तीन आठवडे घरात अट पाळली गेली. मालीश करणाऱ्या बाई असताना वैशू आंघोळ उरकायची, नाहीतर हे दारात खुर्ची टाकून बसायचे. मी बाळाला घ्यायचे ते कुणीतरी शेजारी असताना, कॉटवर मधोमध बसून. वैशूचे डोळे मात्र माझ्या डाव्या हातावर.

बाविसाव्या दिवशी मालीशवाल्या बाई आल्या नाहीत. बाळाचं अंग वैशूनेच पुसून काढलं. हे बाजारात गेले होते. थंडी चांगलीच पडली होती. वैशूने बाळाला दुपट्यावर ठेवलं आणि स्वेटर माझ्या हातात दिला. "तू घालतेस?" म्हणाली आणि खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभी राहिली. डोक्याला तेल लावून बसली होती ती सकाळपासून.

मी बाळाच्या पाठीखाली स्वेटर सरकवला. बाहीच्या तोंडातून माझी बोटं आत घातली, इवलीशी मूठ धरून बाहेर ओढली. छान बसली बाही. मग पहिलं बटण लावायला घेतलं. ते लागेना. स्वेटर एका बाजूला गोळा होऊन आला होता. मी ओढला, बाळाने तोंड वाकडं केलं. दारात वैशूने श्वास ओढलेला मला ऐकू आला. ती पुढे आली नाही.

मी थांबले. समोर बाळ होतं, पूर्ण, सुंदर, त्यात काहीच कमी दिसत नव्हतं. पण बाह्या मी दोन विणल्या होत्या. एकाच सुईवर, शेजारी शेजारी. दोन्हींचे टाके माझे मोजलेले होते.

मी दुपट्याचं टोक धरलं आणि बाळासकट ते सावकाश अर्धं फिरवलं. डोकं माझ्याकडे आलं, पाय पलीकडे गेले. आणि तिथे, मघापर्यंत जिथे काही नव्हतं तिथे, उघडा हात होता, थंडीने लालसर झालेला. मी बाहीत बोटं घातली. मूठ बाहेर आली आणि तिने माझ्या डाव्या हाताचं बोट घट्ट धरलं. मला ते कळलं. बोटाला कळलं. पाच बटणं लावली, बदकांसकट.

वैशू अजून दारातच होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघीही रडलो असतो.

"आई," ती म्हणाली, "मी आंघोळीला जाते."

"जा," मी म्हटलं. "डोक्यावरून घे. घाई नाही."